नायक, गुरू आणि मोकळी जागा

भारताचा फुटबॉल संघ हरला की मराठी फुटबॉलप्रेमी दोनच वाक्ये उच्चारतो. पहिले, 'प्रशिक्षकाला हाकला.' दुसरे, 'छेत्रीसारखा दुसरा आहे कुठे?' १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावात सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले, तेव्हा ही वाक्ये ऐकू आली. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशाने १-० अशी मात केली, तेव्हा पुन्हा ऐकू आली. चहाच्या टपरीवर आणि महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात ती सारख्याच आत्मविश्वासाने बोलली जातात. प्रस्तुत लेखाचा हेतू या दोन्ही वाक्यांचा प्रतिवाद करणे हा आहे. लेखक या खेळाचा निस्सीम भक्त असल्यामुळे तटस्थतेचा आव आणण्याचे त्याला कारण नाही.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय कशासाठी, अशी शंका काहींना येईल. उत्तर सरळ आहे. वरील दोन्ही वाक्ये म्हणजे वाचनाच्या दोन वाईट सवयी आहेत आणि त्या आपल्या वर्गांत नित्य जोपासल्या जातात. कादंबरी म्हणजे नायकाची गोष्ट, असे समजून तिचे सारे गुणदोष नायकाच्या चारित्र्यात शोधायचे, ही एक. कलाकृतीतले सगळे बरेवाईट लेखकाच्या हेतूवर टाकून मोकळे व्हायचे, ही दुसरी. ज्या समाजस्थितीत ती कृती घडली, जी भाषा तिला उपलब्ध होती, जो वाचक तिला लाभला, त्यांचा विचार करण्याचे कष्ट मग उरत नाहीत. फुटबॉलच्या बाबतीत आपण नेमके हेच करीत आलो आहोत.

प्रथम नायकाविषयी. सुनील छेत्री हा असामान्य खेळाडू, याबद्दल दुमत नाही. २००५ साली पदार्पण, ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोपाचा सामना, आणि मग वयाच्या चाळिशीत, मार्च २०२५मध्ये पुनरागमन. आंतरराष्ट्रीय गोल ९५. पण या पुनरागमनाचा अर्थ काय? ज्या देशात कोट्यवधी तरुण आहेत, त्या देशाला निवृत्त झालेल्या आघाडीपटूला परत बोलवावे लागते, याचा आपण गौरवसोहळा केला. वास्तविक तो सुतकाचा प्रसंग होता. त्याला बोलावणाऱ्यांचा तर्कही चुकीचा म्हणता येत नाही, कारण २०२४-२५च्या इंडियन सुपर लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीय तोच होता. गोल १४. म्हणजे दोष निवडीत नव्हता. निवडायला दुसरे कोणी नव्हते.

शिवाय नायक मैदानात असला म्हणजे संघ जिंकतो, हा समजही तपासून पाहावा. जानेवारी २०२४मध्ये कतार येथील आशियाई चषकात छेत्री कर्णधार होता. भारत ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३ आणि सीरियाकडून ०-१ असा हरला. तीन सामने, एकही गोल नाही. नायक होता, वाक्यच तयार होत नव्हते. फुटबॉलमधला गोल हा वाक्याच्या शेवटी येणाऱ्या क्रियापदासारखा असतो. कर्ता कितीही भारदस्त असो, मधली पदे जुळली नाहीत तर क्रियापद कुठे बसवणार?

ही मधली पदे का जुळत नाहीत, याचे एक कारण आपल्या लीगच्या रचनेत आहे. गेल्या काही हंगामांत क्लबांना एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येत होते. हे चौघे कुठे खेळतात ते पाहावे: एक मध्यवर्ती आघाडीवर, एक त्याच्या मागे, एक बचावफळीच्या मध्यभागी. संघाचा जो कणा, तोच परदेशी. भारतीय खेळाडूच्या वाट्याला येतात दोन्ही कडा. त्यामुळे आपल्याकडे कडेने पळणारे चांगले निपजतात. मिझोरामचा लालियानझुआला छांगते आणि गोव्याचा लिस्टन कोलासो हे दोघे कोणत्याही आशियाई बचावपटूला दमवतील. मडगावच्या त्या सामन्यात आघाडीचा गोल छांगतेनेच केला होता. पण समोर आठ जणांची भिंत उभी राहिली की छांगतेचा शेवटचा पास वाया जातो. त्याचे खापर त्याच्या पायांवर फोडणे अन्यायाचे आहे. पेनल्टी क्षेत्रात तो चेंडू घ्यायला योग्य क्षणी धावणारा भारतीय आघाडीपटू आठवड्यामागून आठवडे क्लबच्या बाकावर बसलेला असतो, आणि राष्ट्रीय संघात आल्यावर त्याने अचानक गोल करावेत अशी आपली अपेक्षा असते. वर्षभर वही कोरी ठेवणाऱ्या विद्यार्थ्याने परीक्षेत निबंध लिहावा, त्यातली ही गत.

आता गुरूविषयी. जून २०२४मध्ये क्रोएशियाच्या इगोर स्टिमाच यांना दूर केले. ते २०१९पासून होते. जुलै २०२४मध्ये स्पेनचे मानोलो मार्केझ आले. राष्ट्रीय संघाची जबाबदारी घेतली तेव्हा ते एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते आणि पुढचा सबंध क्लब-हंगाम त्यांनी दोन्ही कामे केली. जुलै २०२५मध्ये तेही गेले. १ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील यांची नेमणूक झाली. चौदा महिन्यांत तीन प्रशिक्षक. एवढ्या अवधीत आपल्याकडे एखाद्या प्रबंधाचा आराखडासुद्धा मंजूर होत नाही.

जमील यांची नेमणूक योग्य होती, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. ते मुंबईच्या फुटबॉलमधले. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळले. दुखापतीने खेळ थांबल्यावर तुटपुंज्या साधनांच्या मुंबई एफसीला सात वर्षे पहिल्या श्रेणीत टिकवून ठेवण्याचे बिनचमकीचे काम त्यांनी केले. पुढे २०१६-१७च्या आय-लीगमध्ये त्यांनी मिझोरामच्या ऐजॉल एफसीला विजेतेपद मिळवून दिले. त्याआधीच्या हंगामात तो क्लब खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता आणि मग पुन्हा सामावून घेतला गेला होता. ईशान्य भारतातल्या क्लबाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. सप्टेंबर २०२५मध्ये मध्य आशियाई संघटनेच्या नेशन्स चषकात त्यांच्या संघाने ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरे स्थान मिळवले, तेव्हा त्यांच्या नेमणुकीला जेमतेम पाच आठवडे झाले होते.

त्यांच्यावर टीका करायची तर ती नेमकी करावी. आघाडी मिळाली की चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती सोपवून मागे सरकायचे, ही त्यांच्या संघांची जुनी सवय आहे. दुबळ्या क्लबला वाचवताना ती शहाणपणाची ठरते. घरच्या मैदानावर जिंकणे अटळ असताना तीच सवय आत्मघातकी ठरते. मडगावात आघाडी घेऊनही आपण हरलो, त्यात या वृत्तीचा वाटा आहे. हा आक्षेप खेळाच्या आशयावरचा आहे. 'हाकला' हा शब्द मात्र समीक्षेचा नाही, जमावाचा आहे.

प्रशिक्षकाला काळ दिला तर काय घडते याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम मूळचे शाळाशिक्षक. १९५०पासून १९६३मध्ये मृत्यू येईपर्यंत राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती होता. १९५१चे दिल्लीतले आणि १९६२चे जकार्तातले आशियाई सुवर्णपदक, तसेच १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक ही त्या तेरा वर्षांची कमाई. मेलबर्नमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवताना तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा मुंबईत खेळणारा गडी. जकार्तात डोक्याला जखम झालेल्या जर्नेल सिंगला रहीम यांनी बचावफळीतून काढून आघाडीवर नेले आणि अंतिम सामन्यात त्याने दक्षिण कोरियाविरुद्ध गोल केला. असा निर्णय घ्यायला खेळाडूंची वर्षानुवर्षांची ओळख लागते. तेरा वर्षांत ती होते. तेरा महिन्यांत होत नाही.

यावर एक ठरलेला युक्तिवाद येतो: 'आपल्या लोकांची शरीरयष्टीच फुटबॉलची नाही', आणि त्याचा जुळा भाऊ, 'क्रिकेटने सगळे खाल्ले'. पहिल्याचे खंडन वरच्या परिच्छेदात झालेच आहे. १९५६मध्ये असलेली शरीरयष्टी दोन पिढ्यांत हरवली काय? दुसऱ्याला उत्तर म्हणून आइसलँड पाहावे. २०१६मध्ये त्या देशाची लोकसंख्या साडेतीन लाखांच्याही आत होती. आपल्या वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार १३,००,७७४. म्हणजे एका वर्धा जिल्ह्यात जवळजवळ चार आइसलँड मावतात. त्या देशाने २०१६च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला हरवले आणि २०१८चा विश्वचषक खेळला. त्यांच्या दोन प्रशिक्षकांपैकी एक, हेमिर हालग्रिमसन, व्यवसायाने दंतवैद्य होता. त्यांनी केले काय? बर्फात खेळता यावे म्हणून गावोगावी छताखालची मैदाने बांधली, आणि सहा-सात वर्षांच्या मुलांनाही परवानाधारक प्रशिक्षकच शिकवील अशी व्यवस्था केली. आपल्या वर्ध्यात बर्फ पडत नाही. ऊन आहे, ते मात्र सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला खेळू देते.

उदाहरणांचा वापर प्रामाणिकपणे व्हावा म्हणून हेही सांगितले पाहिजे. नोव्हेंबर २०२५मध्ये सुमारे दीड लाख वस्तीचे कुरासाव हे बेट २०२६च्या विश्वचषकास पात्र ठरले, तेव्हा आपल्याकडे त्याचे दाखले भराभर दिले गेले. कुरासावचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मले आणि घडले आहेत. परदेशात घडलेला आपला माणूस घरी आणण्याचा तो मार्ग. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने २०२५मध्ये भारतीय नागरिकत्व घेतल्यापासून आपल्याकडेही त्याची चर्चा आहे. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र एवढ्यावर भिस्त ठेवणे म्हणजे पुन्हा नायकाचीच वाट पाहणे होय. फक्त या वेळी तो विमानाने येणार.

आता महाराष्ट्राकडे वळू. बंगाल, गोवा, केरळ, मणिपूर ही नावे घेऊन मराठी माणूस हात झटकतो, जणू फुटबॉल इथे कधी रुजलाच नव्हता. रोव्हर्स चषक मुंबईत १८९१मध्ये सुरू झाला आणि २०००-०१नंतर बंद पडला. संतोष करंडक मुंबई आणि महाराष्ट्र यांनी मिळून चार वेळा जिंकला आहे. महिंद्र युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०मध्ये त्या संघाला कुलूप लागले. पुणे एफसी, डीएसके शिवाजियन्स, मुंबई एफसी, एफसी पुणे सिटी हे चारही संघ २०१६ ते २०१९ या अवघ्या तीन-चार वर्षांत इतिहासजमा झाले. मुंबई सिटीने २०२०-२१ आणि २०२३-२४ अशी दोनदा सुपर लीग जिंकली हे खरे. मे २०२४च्या अंतिम सामन्यात तिचा कर्णधार राहुल भेके हा मुंबईचा मराठी मुलगा होता हेही खरे. याच भेकेने मार्च २०१९च्या अंतिम सामन्यात जादा वेळेत हेडर मारून बंगळुरूला विजेतेपद मिळवून दिले होते. त्याचा वेग वयानुसार उतरला असेल, पण चेंडू कुठे येणार हे आधी ओळखण्याची त्याची हातोटी आजही नवोदित बचावपटूंनी अभ्यासावी अशी आहे. असा एक भेके दिसतो, तेव्हा त्याच्यामागे बंद पडलेल्या क्लबांतून वाऱ्यावर गेलेली किती मुले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आणि कोल्हापूर? तिथे पेठापेठांतल्या तालमींनी हा खेळ जपला आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे तिथल्या माणसाच्या अस्मितेचा भाग आहेत. शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्यांना हजारो लोक जमतात. खेळावरचे असे प्रेम महाराष्ट्रात इतरत्र नाही. तरीही राष्ट्रीय पातळीवर पोचलेले कोल्हापूरकर बोटांवर मोजावेत इतके. अनिकेत जाधव हा रिक्षाचालकाचा मुलगा २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण त्यासाठी त्याला लहानपणीच घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावे लागले. पेठेची ईर्षा प्रेक्षक घडवते आणि खेळाडूला हिंमत देते. बारा वर्षांच्या मुलाला वर्षातून तीस सामने मात्र ती देऊ शकत नाही. त्यासाठी वयोगटांच्या लीग लागतात, प्रशिक्षक लागतात, आणि आपल्या तालमीचा मुलगा उद्या दुसरीकडे जाणार हे स्वीकारण्याचे मोठे मन लागते. प्रेम पुष्कळ आहे. व्यवस्था तोकडी आहे.

व्यवस्थेचे सोंग कसे असते, हेही आपण पाहिले आहे. विश्वचषकाच्या तोंडावर, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला. शाळाशाळांत चेंडू वाटले गेले, छायाचित्रे निघाली. कल्पना वाईट नव्हती. प्रश्न १६ सप्टेंबरचा होता. वाटलेल्या चेंडूत दुसऱ्यांदा हवा कोणी भरायची, याची तरतूद कोणत्या योजनेत होती? आपल्याकडे वाचनदिन साजरा होतो आणि ग्रंथालयाची वेळ मात्र दुपारी चारला संपते, त्याच जातीचा हा प्रकार.

वर्ध्यात राहून या गोष्टी लिहिताना एक संदर्भ टाळता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतील वास्तव्यात गांधीजींचा जोहान्सबर्ग आणि प्रिटोरिया येथील 'पॅसिव्ह रेझिस्टर्स' या फुटबॉल संघांशी संबंध होता. सत्याग्रहाच्या प्रचारासाठी त्यांना मैदान उपयोगी वाटले. शाळेत असताना त्यांना व्यायामाची, खेळाची नावड होती. पुढे आत्मकथेत त्यांनी शारीरिक शिक्षणाला बौद्धिक शिक्षणाइतकेच स्थान असावे, असे स्पष्टपणे नोंदवले. ऑक्टोबर १९३७मध्ये याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हाताने शिकण्याचा, नई तालीमचा विचार देशापुढे मांडला गेला. त्या गावच्या शाळांत आज खेळाचा तास गणिताला उसना दिला जातो आणि तो परत मिळत नाही, यापेक्षा मोठा उपरोध कोणत्या नाटककाराला सुचला असता?

सिंदी (मेघे) हे वर्धा शहराला चिकटून वाढलेले गाव. शेते गेली, लेआऊट पडले, घरे झाली. प्रत्येक लेआऊटच्या नकाशात 'ओपन स्पेस' म्हणून एक तुकडा राखलेला असतो. विदर्भातल्या कोणत्याही वाढत्या गावात त्या तुकड्याचे पुढे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. आधी कुंपण येते, मग शेड, मग मंदिर किंवा सभागृह. तोवर रिकाम्या प्लॉटवर पोट्टे विटांचे गोल मांडून खेळतात आणि प्लॉटचा मालक बांधकाम काढतो त्या दिवशी त्यांचा हंगाम संपतो. राष्ट्रीय संघाला मध्यवर्ती आघाडीपटू का मिळत नाही, याचे संशोधन करू इच्छिणाऱ्याने दिल्लीतल्या महासंघाच्या कार्यालयाआधी या प्लॉटवर यावे.

आणि महाविद्यालयांची मैदाने? ती आहेत, मोठीही आहेत. भोवती भिंती आहेत. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी २००१पासून जे काम उभे केले, त्यावर नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. त्यावर आपल्या क्षेत्रात भरपूर बोलले गेले: प्रतिमांवर, नायकाच्या पात्रयोजनेवर, वास्तववादावर. वस्ती आणि महाविद्यालय यांच्यामधली भिंत ही त्या चित्रपटातली प्रतिमा अनेकांनी उलगडून दाखवली. चर्चासत्र संपल्यावर ज्या आवारातून आपण बाहेर पडलो, त्याची भिंत मात्र प्रतिमा नव्हती, विटांची होती. त्या मैदानावर संध्याकाळी शेजारच्या वस्तीतली मुले खेळू शकतात का, हा प्रश्न चर्चासत्रात विचारला गेल्याचे ऐकिवात नाही. ज्यांना आत येऊ द्यायचे नाही त्यांच्यावरच्या कलाकृतीचे सौंदर्यशास्त्र शिकवणे, हा आपल्या अध्यापनातला सर्वांत मोठा अंतर्विरोध आहे, आणि त्यात जात आहे, वर्ग आहे, मुलींना तर दुहेरी मनाई आहे.

उपाय काय, असे विचारले जाईल. ते फार खर्चाचे नाहीत. प्रत्येक महाविद्यालयाने आठवड्यातून चार संध्याकाळी आपले मैदान परिसरातील मुलामुलींना खुले करावे. जिल्ह्यात बारा आणि चौदा वर्षांखालील मुलांची, मुलींची, आठ महिने चालणारी लीग असावी: वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, सेलू. तीन दिवसांत बाद फेरीने संपणारी स्पर्धा ही लीग नव्हे. पहिल्याच सामन्यात हरलेला संघ तिथून वर्षभराच्या सुट्टीवर जातो. शारीरिक शिक्षणाच्या पदवीधरांना प्रशिक्षकाचा पायाभूत परवाना मिळवून द्यावा. नागपूर आणि कामठी जवळ आहेत, रब्बानी क्लब, राहुल क्लब यांसारख्या संघांची तिथे परंपरा आहे. वर्ध्याच्या गुणी मुलाला तिथवर नेणारा रस्ता आखला पाहिजे. आणि खेळाचा तास गणिताला देऊ नये.

संघाच्या भवितव्याविषयी फुटबॉलभक्ताने भाकीत करायचे असते, म्हणून तेही करतो. जुलै २०२३मध्ये आपण जागतिक क्रमवारीत ९९व्या स्थानी होतो, २०२५ संपेपर्यंत १४०च्या पलीकडे घसरलो. येत्या दोन-तीन वर्षांत चमत्कार होणार नाही. प्रशिक्षक कोणीही असो, संघ हीच पिढी घेऊन खेळणार आणि कधी ओमानला हरवील, कधी बांगलादेशाकडून हरेल. आज दहा-अकरा वर्षांची असलेली मुले एकविशीला येतील त्या वेळच्या संघाविषयी मात्र काही तरी करता येण्यासारखे आहे. ती मुले आत्ता कुठल्या तरी प्लॉटवर विटांचे गोल मांडीत आहेत. त्यांच्यात छेत्री आहे की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि ते सांगण्याची गरजही नाही. प्लॉटवर बांधकाम सुरू होण्यापूर्वी आपल्या आवाराचे फाटक उघडते की नाही, एवढेच आपल्या हातात आहे. किल्ली प्राचार्यांच्या टेबलाच्या खणात असते.